वसई प्रांताच्या गांवकारभारांतील स्त्रिया : कांहीं कागदी पुरावे व एक सूचना

वसईजवळ भुईगांव येथें १९५६ सालीं अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. त्यापूर्वीं १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपाऱ्यास आठव्या लेखाचा तुकडा मिळालेला होताच. नवव्या लेखाचे पूर्ण पाठ इतरत्र उपलब्ध आहेत. त्यांत राजा सांगतो कीं, लोक नाना प्रसंगीं मंगलकृत्यें करितात, आणि विशेषेंकरून स्त्रिया अनेक प्रकारचीं क्षुद्र व निरर्थक कृत्यें करितात. म्हणजे वसई-विरारच्या भूमींत मिळालेल्या सर्वांत जुन्या राजलेखांपैकीं एकांत स्त्रियांचा उल्लेख यावयाचा तो उपदेशाचा विषय म्हणून. तेथून सुमारें बावीसशें वर्षांनीं याच परिसरांतील ग्रामपंचायतींच्या सभावृत्तांखालीं स्त्रियांच्या सह्या व अंगठे उमटूं लागले. या दोन टोकांच्या दरम्यान स्त्रियांचा गांवकारभाराशीं जो संबंध आला, तो कोणत्या प्रकारच्या कागदांत दिसतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. लेखाच्या शेवटीं संग्राहकांस एक सूचना करण्याचा आमचा हेतु आहे, आणि खरें सांगावयाचें तर ती सूचना करण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

गुजराथच्या बहादुरशहानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढील दोनशें वर्षांत येथील गांवें पोर्तुगीज सरकारानें बहुधा तीन हयातींच्या करारानें वांटलीं. धारकानें ठराविक फोर भरावा व लढाईच्या प्रसंगीं घोडा अगर हत्यारबंद माणसें पुरवावीं, असा हा व्यवहार. मुंबईंतील 'फोरास' जमिनींचें नांव याच फोरावरून आलें, हें वाचकांस ठाऊकच आहे. यांतील कांहीं गांवें विधवांकडे व अनाथ मुलींकडेही जात. मुलीनें पोर्तुगीज पुरुषाशीं विवाह करावा, आणि गांव हा तिचा हुंडा समजावा, अशी अट असे. मुलींच्या हातीं सत्ता द्यावी असा राजाचा हेतु यांत मुळींच नव्हता. मुलखांत पोर्तुगीज कुटुंबें टिकून राहावीं हा होता. तथापि परिणाम असा झाला कीं, वसई प्रांतांतील कित्येक गांवांच्या सनदांवर स्त्रीचें नांव चढलें.

याचा सर्वांत ठळक पुरावा वसईच्या हद्दींतील एका लहान बेटाचा आहे. १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्लंडच्या राजास देण्याचें ठरलें, आणि प्रत्यक्ष ताबा १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं हंफ्री कुक यानें घेतला. ताबापावती लिहिली गेली ती दोना इग्नेस द मिरांदा हिच्या वाड्यांत. ही दोम रोद्रिगो द मोन्सांतो याची विधवा, आणि बेटाची धनीण. एका राजानें दुसऱ्या राजास द्यावयाचें बेट एका विधवेच्या घरांत बसून दिलें गेलें, पण देण्याचा किंवा न देण्याचा विचार तिला कोणीं विचारला नाहीं. तिचें नांव कागदांत आलें तें घराची मालकीण म्हणून. स्त्रियांच्या मालकीस कारभारांतील सहभाग समजण्याची चूक आमच्याकडील उत्साही लेखक वारंवार करितात, म्हणून हें उदाहरण लक्ष्यांत ठेवण्याजोगें आहे.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, आणि प्रांताचा कारभार मराठ्यांच्या सुभ्याकडे आला. येथून पुढें आमच्या वाचकांच्या परिचयाचे मोडी कागद सुरू होतात. मोडी रुमाल ज्यांनीं सोडले आहेत त्यांस निशाण्यांची पद्धत सांगावयास नको. ज्यास लिहितां येत नसे त्याच्या नांवापुढें लेखक निशाणी काढी : कुणब्याचा नांगर, वाण्याची तागडी, आणि स्त्रीची बांगडी. 'निशाणी बांगडी' हे दोन शब्द खरेदीखतांत, गहाणखतांत, फारकतींत अगदीं इंग्रजी अमदानींतही पुष्कळ काळ चालत आले. हिच्या शेजारीं बहुधा 'दस्तुर' म्हणून दुसऱ्या कोणाचें तरी नांव असतें, आणि तो दुसरा पुरुष असतो.

नांगर आणि बांगडी यांत एक भेद आहे, तिकडे अद्याप पुरेसें लक्ष्य गेलेलें नाहीं. नांगर ही धंद्याची खूण आहे. ज्यानें ती केली तो गांवच्या गोतांत कोण होता हें तीवरून कळतें. बांगडीवरून फक्त एवढेंच कळतें कीं, ही स्त्री आहे. ती कोळीण, भंडारीण, आगरीण कीं वारलीण, विधवा कीं सुवासिनी, हें बांगडी सांगत नाहीं, आणि आजूबाजूच्या मजकुरांत आलें नसेल तर तें कायमचें गेलें. देशावरील वतनांच्या कागदांत वतनदार बायकांचीं नांवें अधिक स्पष्ट मिळतात. पाटलाची विधवा आपल्या अज्ञान मुलाच्या वतीनें उभी राहते, तक्रार करिते, मजालसीपुढें हक्क सांगते. परंतु प्रत्यक्ष चाकरी गुमास्त्याकडून करून घेण्याची वहिवाट होती. इंग्रजी कायद्यानें ही वाट आणखी अरुंद केली. १८७४ च्या वतन कायद्यास १८८६ सालीं जी दुरुस्ती झाली (त्या सालचा मुंबई कायदा ५), तिच्या योगें शेवटच्या धारकाची विधवा खेरीजकरून वतनदार घराण्यांतील स्त्रीचा वारसा त्या घराण्यांतील पात्र पुरुषांच्या मागें टाकण्यांत आला. मुलगी जवळची आणि चुलतभाऊ दूरचा असला, तरी पाटीलकी चुलतभावाकडे जावयाची. ज्यांस 'जुन्या काळीं स्त्रियांस कांहींच अधिकार नव्हते व इंग्रजी कायद्यानें ते दिले' असें लिहिण्याची संवय आहे, त्यांनीं हें कलम एकदां वाचावें.

नगरपालिकेची संस्था वसईस १८६४ सालीं आली, म्हणजे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या सुप्रसिद्ध ठरावाच्या अठरा वर्षें आधीं. खेड्यांसाठीं कायदा व्हावयास १९२० साल उजाडावें लागलें. त्या वर्षींच्या मुंबई ग्रामपंचायत कायद्यानें पंचायत लोकनियुक्त केली खरी, पण मत दिलें तें गांवांतील प्रौढ पुरुषांस. गंमत अशी कीं, याच सुमारास पुण्यास रमाबाई रानडे व त्यांच्या सहकारी स्त्रिया नगरपालिकेपुढें मिरवणुकीनें जाऊन सक्तीचें प्राथमिक शिक्षण मुलींसही लागू करा म्हणून मागणें करीत होत्या. नगरपालिकेच्या दालनांत त्यांपैकीं कोणास मत नव्हतें, पण दालनाबाहेर त्यांचा आवाज होता. १९२१ सालीं मुंबई कायदेकौन्सिलानें स्त्रियांस मताचा हक्क देण्याचा ठराव केला, आणि १९२३ मध्यें सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले यांच्यासारख्या स्त्रिया मुंबई महापालिकेंत बसल्या. १९५६ सालीं सुलोचना मोदी मुंबईच्या महापौर झाल्या. वसईहून आगगाडीनें जेथें भाजी, फुलें व मासळी रोज जात असे, त्या शहरांत हें घडलें. खेड्याच्या चावडींत मात्र स्त्री यावयाची ती अजून अर्जदार म्हणूनच.

चावडीचें दार कायद्यानें उघडलें तें १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानें. त्यांत प्रत्येक पंचायतींत स्त्रियांसाठीं दोन जागा राखून ठेवण्यांत आल्या. १९६१ च्या जिल्हापरिषद अधिनियमांतही, निवडून आलेली स्त्री नसेल तर स्त्रीस स्वीकृत करून घेण्याची तरतूद होती. 'दोन बायका' हा त्या काळच्या पंचायतीचा नेम होऊन बसला. कोणत्या दोन, हें बहुधा गांवांतील वजनदार घरें ठरवीत. म्हणून पुष्कळांनीं या तीस वर्षांच्या काळास शोभेचा काळ म्हणून सोडून दिलें आहे. आमचें मत थोडें निराळें आहे. शोभेसाठीं आणलेल्या माणसाचीही उपस्थिति नोंदवावी लागते, आणि जेथें नोंद आहे तेथें इतिहासास जागा आहे.

ही नोंद कशी वाचावी हें येथें जरा विस्तारानें सांगतों. ग्रामपंचायतीच्या सभेचें वृत्त ज्या जाड वहींत लिहितात तिला गांवांत सर्वत्र 'प्रोसिडिंग' म्हणतात. आरंभीं सभेची तारीख व स्थळ, मग हजर सभासदांचीं नांवें व त्यांपुढें सह्या, नंतर विषयवार ठराव, प्रत्येक ठरावाखालीं सूचक व अनुमोदक, आणि शेवटीं सरपंचाची सही. घाईनें पाहणारा फक्त ठराव वाचतो. स्त्रियांचा इतिहास पाहणारानें प्रथम हजेरी पाहावी. बाईच्या नांवापुढें अंगठा आहे कीं सही. सही असेल तर ती पहिल्या वर्षाची व पांचव्या वर्षाची सारखीच आहे कीं हात वळत गेला आहे. अंगठा असेल तर त्याखालीं दस्तुर कोणाचा, ग्रामसेवकाचा कीं घरच्या माणसाचा. एकाच शाईनें, एकाच हातानें सर्व हजेरी लिहिलेली दिसली तर सभा भरली होती काय हाच प्रश्न आहे, आणि तो पुरुष सभासदांविषयींही विचारला पाहिजे. त्यानंतर सूचक-अनुमोदकांची रांग तपासावी. पांच वर्षांच्या वहींत बाईचें नांव अनुमोदक म्हणून कधीं येतें, सूचक म्हणून पहिल्यानें कधीं येतें, आणि तें कोणत्या विषयावर येतें, हें तारीखवार उतरून घेतलें तर त्या गांवच्या स्त्रियांचा राजकीय इतिहास निम्मा तयार झाला असें समजण्यास हरकत नाहीं. वसईच्या किनारपट्टींत हे विषय कोणते असावेत याचा अंदाज स्थानिक माणसास सहज बांधतां येईल : पिण्याचें पाणी, विहिरी व बावखलें, मासळी विकणाऱ्या बायकांच्या बसण्याच्या जागा, शाळेची वाट, दिवाबत्ती. परंतु अंदाज तो अंदाज. वही काय सांगते तें वहीलाच विचारलें पाहिजे.

एक सावधगिरी येथें सुचवितों. अंगठ्यावरून बाई मुकी होती असें मानूं नये, आणि वळणदार सहीवरून ती बोलली असेंही मानूं नये. वृत्त लिहिणारा ग्रामसेवक बहुधा पुरुष, आणि 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द त्याच्या लेखणीस इतके सरावाचे कीं, सभेंत झालेली कडाक्याची तक्रारही त्यांखालीं गाडली जाते. विरोध नोंदविल्याची एखादी ओळ मिळाली, तर ती सोन्याच्या मोहरेहून मोलाची समजावी.

राखीव जागांचा पुढील विस्तार वाचकांच्या डोळ्यांदेखतचा आहे, म्हणून थोडक्यांत उरकतों. महाराष्ट्रांत शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीनें १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर ग्रामपंचायतींकडे लक्ष्य वळविलें, आणि १९८९ च्या सुमारास जळगांव जिल्ह्यांतील विटनेर येथें पंचायत सर्वस्वीं बायकांच्या हातीं आली. १९९० सालीं राज्यानें शेंकडा तीस जागा स्त्रियांसाठीं राखल्या. घटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्यें अंमलांत येऊन हें प्रमाण देशभर किमान एकतृतीयांश झालें, व सरपंचपदही त्यांत आलें. २०११ मध्यें महाराष्ट्रानें तें निम्म्यावर नेलें. यांपेक्षां कमी प्रसिद्ध अशा दोन तरतुदींकडे आम्ही लक्ष्य वेधतों. स्त्रियांसाठीं राखलेल्या सरपंचपदावर बसलेल्या स्त्रीवर अविश्वासाचा ठराव आणावयाचा तर साध्या नेहमींच्या दोनतृतीयांशांऐवजीं तीनचतुर्थांश बहुमत लागत असे. ही अट घालावी लागली यावरूनच अविश्वासाचें हत्यार कोणावर व कसें चालत असे याची कल्पना येते. दुसरी तरतूद अशी कीं, ग्रामसभेपूर्वीं गांवांतील स्त्री मतदारांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. निवडून आलेल्या बायकांपुरती ही सभा नाहीं. गांवांतील प्रत्येक प्रौढ बाई तिची सभासद.

'सरपंचपति' हा शब्द याच काळांत रूढ झाला. बायको पदावर आणि नवरा खुर्चीवर, अशी त्याची व्याख्या लोक हसत करितात. आमच्या मतें यांत नवें असें थोडेंच आहे. वतनदार स्त्रीचा गुमास्ता हा त्याचा पूर्वज होय. फरक इतकाच कीं गुमास्ता वहिवाटीनें मान्य होता, व त्याचें नांव कागदांत येत असे. सरपंचपति कायद्यास ठाऊक नाहीं, म्हणून तो कागदांत सांपडत नाहीं. भावी संशोधकास गुमास्त्यांची यादी करितां येईल, सरपंचपतींची नाहीं. तो केवळ हस्ताक्षरावरून ओळखावा लागेल.

आतां वसई-विरारकडे वळूं. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गांवें मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गांवांनीं या विलीनीकरणास मोठा विरोध केला. २९ गांवें वगळण्याचा निर्णय सरकारनें २०११ सालीं घेतला, तो न्यायालयांत अडकला, आणि २०२४ मध्यें तीं गांवें महापालिकेंतच ठेवण्याची अधिसूचना निघाली. हिरवा पट्टा, घरपट्टी, पाणी यांविषयींची या वादांतील बाजू पुष्कळांनीं मांडली आहे. स्त्रियांच्या जागांची बाजू फारशी कोणीं मांडलेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

ती अशी. पंधराशेंपर्यंत वस्तीच्या गांवास पंचायतींत सात सभासद असतात, म्हणजे दर सुमारें दोनशें माणसांमागें एक. मोठ्या गांवांत हें प्रमाण विरळ होत जातें, तरी साडेसात हजारांवरील वस्तीस सतरा जागा असतात. महापालिकेच्या २०१५ च्या निवडणुकींत नगरसेवकांच्या जागा ११५ होत्या. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती १२,२२,३९० होती. भागाकार केला तर दर साडेदहा हजारांहून अधिक माणसांमागें एक जागा येते. यांतील निम्म्या जागा स्त्रियांच्या, हें खरें. परंतु एकतृतीयांश असतांना गांवांत दोन-तीन बायका आपल्याच वाडींतून सहज निवडून येत, तेथें आतां दहा हजारांच्या प्रभागांत एक बाई उभी राहावयाची, आणि त्यास लागणारा पैसा, पक्ष व माणसें हीं निराळ्याच मापाचीं. शेंकडेवारी वाढली आणि पायरी उंच झाली. शिवाय ग्रामसभा गेली म्हणून तिच्या आधींची स्त्रियांची सभाही गेली. शहरास ग्रामसभा नसते.

२०१५ सालीं प्रवीणा ठाकूर वसई-विरारच्या महापौर झाल्या. सत्ताधारी बहुजन विकास आघाडीचे प्रमुख हितेंद्र ठाकूर यांच्या त्या पत्नी. या नात्याचा उल्लेख आम्ही दूषण म्हणून करीत नाहीं. सत्तेच्या घरांतील स्त्री सत्तेच्या पदावर येणें ही या प्रांताची फार जुनी रीत आहे, आणि पुरुषांच्या बाबतींत तर तिचा कोणी उल्लेखही करीत नाहीं. इतिहासकारानें नातें नोंदवावें आणि मग कारभार वेगळा तपासावा, इतकेंच. जून २०२० मध्यें त्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ शहरावर प्रशासकाचा अंमल राहिला. त्या काळांत राखीव जागा निम्म्या असोत कीं एकतृतीयांश, बसावयास खुर्चीच नव्हती. अर्नाळा, भाताणे, मेढे इत्यादि तालुक्यांतील ज्या गांवांची पंचायत टिकून होती, तेथें मात्र बायका सरपंच होत होत्या, सभा घेत होत्या, आणि प्रोसिडिंगवर सह्या करीत होत्या. मोठ्या शहरास जें नव्हतें तें शेजारच्या लहान गांवास होतें.

आतां सूचना. आमचे वाचक १८१८ पूर्वींच्या कागदासाठीं दूरवर पायपीट करितात. १९५९ ते २००९ या पन्नास वर्षांच्या पंचायतीच्या वह्या त्यांना जुन्या वाटत नाहींत, म्हणून त्यांकडे कोणी पाहत नाहीं. परंतु जी संस्था बंद झाली तिचें दप्तर हें, वय कितीही कमी असो, जुनें दप्तरच होय. अगाशी, निर्मळ, गास, भुईगांव हीं गांवें आतां महापालिकेच्या हद्दींत आहेत. पंचायत गेली तेव्हां तिच्या मालमत्तेबरोबर कागदही नव्या मालकाकडे गेले, आणि नव्या मालकास कर-आकारणीच्या वह्यांची गरज असते, हजेरीच्या वह्यांची नसते. सरकारी कचेऱ्यांच्या वर्गवारींत 'ड' वर्गाचा कागद वर्षभरानें रद्दींत काढतां येतो. कसर व वाळवी यांना तर वर्गवारीही लागत नाहीं. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. जिल्हापरिषदेकडील पत्रव्यवहार शोधणारानें त्यामुळें दोन्हीं ठिकाणीं विचारणा करणें इष्ट.

मूळ वह्या सरकारी आहेत. त्या घरीं आणण्याचा विचार कोणींही मनांत आणूं नये. माहितीच्या अधिकारानें नकला मागतां येतात, व परवानगीनें छायाचित्रें घेतां येतात. त्यांबरोबर गांवांतील घरांतूनही शोध करावा. सभासद असलेल्या बाईच्या ट्रंकेंत सभेची नोटीस, निवडून आल्याचा दाखला, शपथविधीचा फोटो, प्रशिक्षणाची वही, निवडणुकीचें छापील पत्रक, अशा वस्तु मिळण्याचा संभव मोठा आहे. १९६०च्या दशकांत दोन राखीव जागांवर बसलेल्या बायका आज हयात असल्या तरी फार वृद्ध असतील. त्यांच्याकडे जाण्यास विलंब करूं नये. त्यांस प्रश्न विचारावयाचा तो 'आपणांस अधिकार होता काय' असा नसावा ; पहिल्या सभेस जातांना बरोबर कोण आलें, कोठें बसविलें, कागद वाचून कोणीं दाखविला, आणि पहिल्यानें तोंड उघडलें तें कशावर, असा असावा.

नकला करितांना सह्यांचें पान वगळण्याची रीत आमच्याकडे पडली आहे, कारण त्यांत 'मजकूर' नसतो. या वह्यांच्या बाबतींत तें पान पहिल्यानें उतरावें. जेथें अंगठा असेल तेथें 'अंगठा' एवढेंच न लिहितां डावा कीं उजवा, शाई कोणती, आणि शेजारीं ज्याच्या हातचें नांव लिहिलें आहे तो कोण, हेंही टिपून ठेवावें. बाईचें नांव माहेरचें, सासरचें, कीं नुसतें 'अमक्याची पत्नी' असें आहे, तें जसेंच्या तसें घ्यावें, शुद्ध करूं नये. आणि एखाद्या जुन्या वहींत अंगठ्याच्या जागीं अजून बांगडी काढलेली कोणास आढळली, तर त्या पानाची प्रत कृपा करून या त्रैमासिकाकडे धाडावी.